ओळख आणि ओळखीचा कागद



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘आधारकार्ड’ असे उत्तर दिले. ते क्षणभर माझ्याकडे पाहातच राहिले. काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या ग्रहताऱ्यांवर होणार आहे. आणि मध्येच हे आधारकार्ड! ‘मास्तर, लोक येतील का?’ असे त्यांनी भीत भीत विचारले. मी म्हटले, ‘अहो, ज्या गोष्टीसाठी लोक पहाटे पाचपासून रांगेत उभे राहतात, तिच्याविषयी ऐकायला संध्याकाळी खुर्चीवर बसायला का येणार नाहीत?’ आज सभागृह पाहून माझा अंदाज अगदीच चुकला नाही असे वाटते.

मी कायदेपंडित नव्हे. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून आपल्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी लोकांचे अर्ज भरून देत बसतो. त्या टेबलाशी बसून जे पाहिले, ते आणि त्यापायी जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच हेतू आहे. माणसाला ओळखीचा कागद का लागू लागला, तो कसा काढावा व कसा ताजा ठेवावा, आणि तोच कागद आडवा आला तर काय करावे, असे या भाषणाचे तीन भाग मी मनात योजले आहेत.

आपल्या आजोबांच्या काळी ओळख ही कागदावर नसे, माणसांत असे. परगावी गेलेल्या माणसाला ‘तू कोणाचा?’ असे विचारीत. त्याने बापाचे नाव, गाव आणि मामाचे घराणे सांगितले की पुरे. गावात पाटील-कुलकर्णी ओळखीत. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेले तर तिथले तीर्थोपाध्याय आपल्या वह्या उघडून तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हालाच वाचून दाखवीत. परंतु कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत आला, साताऱ्याचा माणूस लष्करात भरती झाला, तेव्हा ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर पडताळून पाहणारा कोणी शेजारी उरला नाही. मग कागद आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिधापत्रिका आली ती धान्य वाटण्यासाठी; पण पुढे कित्येक वर्षे ती घराची ओळख होऊन बसली. शाळेत नाव घालायचे तरी रेशनकार्ड, गॅसची शेगडी आणायची तरी रेशनकार्ड. १९९३ सालापासून मतदाराचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आले. प्रत्येक कागद एका कामासाठी निघतो आणि दहा कामांना जुंपला जातो, हा नियम इथेच लक्षात ठेवावा. त्याची गरज पुढे पडेल.

आता बोटांच्या ठशांकडे वळू. ठसा घेऊन माणूस ओळखण्याची विद्या फार अंशी आपल्या देशातच वाढली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याची खडी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडून करारावर सहीऐवजी हाताच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ च्या सुमारास हुगळीस असताना त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कारण काय? निवृत्त माणूस वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलीत असे. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत ‘हेन्रीची पद्धत’ म्हणून जगभर गेली. पण तिचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी केले होते. निवृत्तांचा हयातीचा दाखला संगणकावरून देण्याची ‘जीवन प्रमाण’ योजना २०१४ साली निघाली, तेव्हा हर्शेलसाहेबाचा प्रश्न नव्या यंत्रापुढे आला इतकेच.

परंतु याच ठशांची दुसरीही एक कथा आहे. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या सरकारने असा कायदा आणू घातला की, प्रत्येक आशियाई माणसाने दहा बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा आणि शिपाई मागेल तिथे तो दाखवावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या नाट्यगृहात भरलेल्या सभेत लोकांनी हा कायदा न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तिथला. पुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली, सक्ती उठेल असे आश्वासन मिळाले, तेव्हा गांधीजी स्वखुशीने ठसे देण्यास निघाले. त्यांच्यातल्याच एकाने रागाच्या भरात त्यांना वाटेत मारहाण केली, तरी त्यांनी ठसे दिलेच. आश्वासन पाळले गेले नाही असे दिसताच, १६ ऑगस्ट १९०८ रोजी त्याच परवान्यांची जोहान्सबर्गच्या मशिदीपुढे होळी झाली. कागद तोच, बोटे तीच. विश्वासाने मागितले तेव्हा दिले; गुन्हेगार समजून मागितले तेव्हा जाळले. ओळखपत्राच्या साऱ्या वादाचे मर्म मला या एका प्रसंगात दिसते.

इंग्लंडचेही उदाहरण घ्या. महायुद्ध सुरू होताच २९ सप्टेंबर १९३९ रोजी तिथे घरोघर नोंद झाली आणि प्रत्येकाला ओळखपत्र मिळाले. लष्करभरती, धान्यवाटप आणि लोकसंख्येचा हिशेब, अशा दोन-तीन कामांसाठी ते होते. १९५० पर्यंत एकोणचाळीस सरकारी खाती ते वापरू लागली होती. त्या वर्षी ७ डिसेंबरला क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थाला मोटार हाकीत असताना पोलिसाने अडवले व कार्ड मागितले. त्याने साफ नकार दिला. खटला वरच्या न्यायालयात गेला. कायदा मोडल्याचे ठरले. पण युद्धासाठी केलेला कायदा शांततेच्या काळात असा वापरल्याने सरळ माणसेच कायदा मोडणारी ठरतात, अशा आशयाचे खडे बोल मुख्य न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी सुनावले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ती ओळखपत्रे बंद झाली.

आणि योगायोग पाहा. तारीख पुन्हा २९ सप्टेंबर, साल २०१०. स्थळ आपल्याच महाराष्ट्रातले: नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे आदिवासी वस्तीचे खेडे. तिथल्या एका आदिवासी बाईच्या हाती तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार देण्यात आले. त्यामागील प्राधिकरण २००९ साली स्थापन झाले होते व नंदन निलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष. सुरुवात टेंभलीत करण्यामागे विचार होता. ज्याच्याजवळ सातबारा आहे, शाळेचा दाखला आहे, पासपोर्ट आहे, त्याला आणखी एका कागदाची मातब्बरी नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला ‘मी आहे’ एवढे सांगता यावे, ही मूळ कल्पना. ती थोर होती असे मी मानतो. आज आधार क्रमांकांची संख्या १३० कोटींच्या वर गेली आहे.

आता हा क्रमांक आहे तरी कसा? गणिताचा मास्तर असल्यामुळे मला इथे थोडे थांबावेसे वाटते. तो बारा आकडी आहे. पहिला आकडा शून्य किंवा एक कधीच नसतो. शेवटचा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला तपासणीचा आकडा असतो. त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर संगणकाला चूक कळते. उरलेल्या आकड्यांत काही अर्थ नाही, आणि हीच त्याची खुबी आहे. पॅनकार्डात पाचवे अक्षर तुमच्या आडनावाचे आद्याक्षर असते. आधार क्रमांकावरून जिल्हा, जन्मसाल, जात, धर्म यांपैकी काहीच कळत नाही. जात, धर्म, जमात, भाषा, उत्पन्न, आजार यांची नोंद त्यात घेऊ नये असे २०१६ च्या कायद्यातच म्हटले आहे.

आणि हा कागद काय नाही, तेही सांगितले पाहिजे. कारण माझ्या टेबलाशी येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा घोटाळा इथेच असतो. आधार हे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. कायद्याच्या नवव्या कलमात ते स्पष्ट आहे. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला कोणीही रहिवासी ते काढू शकतो, मग तो परदेशी का असेना. उलट परदेशात नोकरीस असलेल्या आपल्या मुलामुलींजवळ भारतीय पासपोर्ट असेल, तर त्यांना हे १८२ दिवस थांबावे लागत नाही. सुटीवर आले असता अर्ज करता येतो. बिहारच्या मतदारयाद्यांच्या प्रकरणात ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार हा ओळखीचा बारावा कागद म्हणून स्वीकारावा असे सांगितले, तेव्हाही तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे हे बजावलेच. तसेच आधार हा जन्मतारखेचाही पक्का पुरावा नव्हे. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला अधिक विश्वसनीय धरला. तेव्हा ‘आता आधार आहे, जुने कागद कशाला ठेवायचे?’ असे म्हणून शाळेचा दाखला रद्दीत घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष काढण्याचे काम. पहिली नोंदणी विनामूल्य असते. तिला कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. केंद्रे बँकांत, टपाल कचेऱ्यांत, तहसिलीच्या आवारात असतात. स्वतः जावे लागते. ओळखीचा, पत्त्याचा व जन्मतारखेचा मूळ कागद न्यावा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा कागद. म्हणून बाळ झाल्यावर पेढे वाटण्याआधी नगरपालिकेत नोंद करावी असे मी सांगत असतो. केंद्रात दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. कोणाला हात नसेल, बोटे झिजली असतील, दृष्टी गेली असेल, तरी नोंदणी नाकारता येत नाही. अपवादाची सोय आहे. त्या परिस्थितीची नोंद घेऊन अर्ज पुरा करता येतो.

सगळ्यांत महत्त्वाचा क्षण शेवटी येतो आणि नेमका तोच आपण घालवतो. अर्ज पाठवण्याआधी भरलेली माहिती पडद्यावर दिसते. चष्मा लावा. मागची रांग कुरकुरू द्या. नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव, तारीख, पत्ता ही मराठीत आणि इंग्रजीत, अशी दोन्हीकडे एकेक अक्षर वाचा. आमच्या आळीत ज्ञानेश्वर नावाचा एक सुतार आहे. शाळेत त्याचे नाव इंग्रजीत आपल्या रीतीप्रमाणे ‘डी-एन-वाय’ने लिहिले होते, कार्डावर ते हिंदीच्या धर्तीवर ‘जी-वाय’ने आले. बँकेत एक ज्ञानेश्वर, कार्डावर दुसरा! माउलींचे नाव घेणारा हा माणूस दोन वर्षे दोन ज्ञानेश्वरांच्या मध्ये हेलपाटे घालीत होता.

जन्मतारखेची तऱ्हा याहून न्यारी. आपल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत पाहा! हात वर करा म्हटले तर या सभेतही पन्नास हात वर होतील. आई-बापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, मास्तर १ जून टाकून मोकळे होत. आमच्याच जमातीचे ते पाप आहे, मी ते मान्य करतो. पुढे आधार काढताना यांतल्या कित्येकांनी नुसते वय सांगितले. कार्डावर जन्मवर्ष आले, आणि पूर्ण तारीख लागेल तिथे १ जानेवारी पडली. म्हणजे माणूस जन्मला तिसऱ्याच दिवशी, शाळेत १ जूनला, आणि कार्डावर १ जानेवारीला! निवृत्तिवेतनाच्या वेळी हे तीन वाढदिवस एकमेकांशी भांडतात.

यावरून नूतनीकरणाकडे येतो. पारपत्र जसे ठराविक वर्षांनी संपते, तसे आपल्यासारख्या येथील नागरिकाचे आधार संपत नाही. पण माणूस बदलतो. म्हणून ते ताजे करावे लागते. पाच वर्षांखालच्या मुलाचे निळे आधार निघते. त्यात ठसे घेत नाहीत, फक्त छायाचित्र घेतात व ते आई किंवा बापाच्या क्रमांकाशी जोडतात. मूल पाच वर्षांचे झाले की ठसे द्यावयाचे, आणि पंधरा वर्षांचे झाले की पुन्हा द्यावयाचे. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयांत ते फुकट होते. सात वर्षांपर्यंत हे केले नाही तर क्रमांक बंद पडण्याचा संभव असतो. मग परीक्षेच्या वा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी घरात रडारड होते. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी आपले ओळखीचे व पत्त्याचे कागद पुन्हा दाखवावेत अशी सूचना २०२२ पासून आहे.

दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. नाव जन्मात दोनदा बदलता येते, जन्मतारीख एकदा, पत्ता मात्र कितीही वेळा. याचा सगळा भार बायकांवर पडतो, हे इथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको. लग्न झाले की नाव बदलले, एक संधी गेली. त्यात अक्षर चुकले, ते दुरुस्त केले, दुसरी गेली. पुढे काही कारणाने माहेरचे नाव परत घ्यायचे झाले, तर वरिष्ठ कचेरीकडे खास अर्ज करीत बसावे लागते. म्हणून लग्नानंतर नाव बदलायचे की नाही, आणि बदलायचे तर ते कोणत्या अक्षरांनी, हे सासरच्या घाईने ठरवू नका. सगळे कागद एका रांगेत मांडून ठरवा. आणि एक लहानशी वाटणारी गोष्ट: आपला चालू भ्रमणध्वनी क्रमांक आधारला जोडलेला ठेवा. घरबसल्या करायची सारी कामे त्यावर येणाऱ्या गुप्त आकड्यावर चालतात. मुलाचा जुना क्रमांक जोडलेला आणि मुलगा दुबईला, असे झाले की म्हातारा-म्हातारी अडकतात.

आता तिसरा भाग. तो मी टाळला असता तर आजचे भाषण सोपे झाले असते.

माझी एक आत्या होती. चाळीस वर्षे तिने विड्या वळल्या. तंबाखू आणि तेंदूचे पान यांनी तिच्या बोटांच्या रेषा अशा पुसून गेल्या होत्या की बोटे काचेसारखी गुळगुळीत दिसत. ती खेड्यात एकटी राही. २०१८ सालची गोष्ट. रेशनच्या दुकानात यंत्रावर तिचा अंगठा उठेना. दुकानदार म्हणाला, ‘आजी, केंद्रावर जाऊन आधार नवे करून या.’ ती एस. टी. ने तालुक्याला गेली, ठसे पुन्हा देऊन आली. पुन्हा अंगठा उठेना. तिने मला फोन केला. मी काय सांगितले असेल? मी म्हटले, ‘आत्या, हात साबणाने धुऊन, थोडे तेल लावून बघ.’ मी, शिकलासवरलेला भाचा! दोन महिने तिला धान्य मिळाले नाही. तिसऱ्या महिन्यात मी गेलो, तेव्हा शेजारणीने दिलेल्या पिठावर तिचे दिवस चालले होते. ती चिडली नव्हती. एवढेच म्हणाली, ‘बाबा, हात माझा, अंगठा माझा, अन् ते यंत्र म्हणतं मी मी नव्हेच. तू तरी ओळखतोस ना मला?’

त्या दिवसापासून मी हे वाचायला लागलो. आणि वाचल्यावर शरमेने मान खाली गेली. कारण नियम तिच्या बाजूचा होता. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच केंद्राच्या अन्न खात्याने कळवले होते की, ठसा जुळला नाही किंवा यंत्राचा संपर्क तुटला, एवढ्या कारणावरून कोणाला धान्य नाकारू नये. शिधापत्रिका पाहून द्यावे आणि वहीत अपवादाची नोंद करावी. आधार कायद्याचे सातवे कलम सरकारी लाभासाठी आधार मागण्याची मुभा देते. पण क्रमांक मिळालेला नसेल तर ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग द्यावा, असे तेच कलम सांगते. आदेश निघून कित्येक महिने झाले होते. तो दुकानदाराला कोणी समजावला नव्हता, आत्याला कोणी सांगितला नव्हता, आणि मी विचारला नव्हता. आम्ही तालुक्याच्या पुरवठा कचेरीत लेखी अर्ज दिला आणि म्हटले, ‘धान्य द्यायचे नसेल तर तसे लिहून द्या.’ चार दिवसांत धान्य सुरू झाले. मागच्या दोन महिन्यांचे मात्र गेले ते गेलेच.

एक काळ असा होता की, सही न येणाऱ्याला आपण ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवीत होतो. प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढून आपण लोकांचा अंगठा सोडवला. आज प्राध्यापकापासून मजुरापर्यंत सारेच पुन्हा अंगठेबहाद्दर झालो आहोत! त्यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही आहे. ठसा झिजतो तो कष्टकऱ्याचा: ऊसतोड्याचा, गवंड्याचा, भांडी घासणाऱ्या बाईचा. लेखणी चालवणाऱ्याचा अंगठा एका झटक्यात उठतो. म्हणजे ज्याला धान्याची गरज अधिक, त्याचीच ओळख पटायला अडचण अधिक.

मग हे सारे मोडीतच काढावे काय? असे म्हणणारे विद्वान आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. न्या. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी आधार कायदा ग्राह्य धरला. पण बँकेचे खाते, भ्रमणध्वनी, शाळाप्रवेश यांसाठी त्याची सक्ती रद्द केली. सरकारी अनुदाने आणि प्राप्तिकर यांसाठी ते राहिले. न्या. चंद्रचूड यांनी मात्र संपूर्ण कायद्याविरुद्ध मत दिले. एका कामासाठी निघालेला कागद दहा कामांना जुंपला जातो, हे मी आरंभी म्हटले होते. इंग्लंडात त्याला एका मोटारवाल्याने अडवले, आपल्याकडे एका वृद्ध न्यायाधीशाने.

माझे मत विचाराल तर ते मधले आहे. टेंभलीच्या बाईला ‘मी आहे’ म्हणता आले, ही कमाई मी लहान समजत नाही. पूर्वी कागदावरचे खोटे लाभार्थी गरिबाच्या तोंडचा घास पळवीत, हेही खोटे नव्हे. परंतु ओळखपत्र हे माणसाच्या सेवेसाठी आहे. यंत्र आणि माणूस यांच्यात मतभेद झाला, तर संशयाचा फायदा माणसाला मिळाला पाहिजे. रेशनच्या दुकानातल्या म्हातारीला तो न मिळाला, तर आपण ट्रान्सवालच्याच वाटेने चाललो आहोत असे समजावे.

शेवटी, आपण काय करायचे? चार गोष्टी सांगतो. पहिली, प्रत वाटेल तिथे टाकू नका. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली ते तारखेसह लिहून सही करा. पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही निघते. बहुतेक ठिकाणी ती पुरते. दुसरी, आपले ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे. ज्याला रोज अंगठा लावावा लागत नाही त्याने ती वापरावी. तिसरी, अडचण आली तर १९४७ या क्रमांकावर विचारावे. स्वातंत्र्याचे साल असल्याने तो विसरण्यासारखा नाही. आणि चौथी, कोणी लाभ नाकारला तर नम्रपणे, पण ठामपणे, ‘कारण लिहून द्या’ असे म्हणावे. या तीन शब्दांत किती बळ आहे ते मी पुरवठा कचेरीत पाहिले.

पाचवी गोष्ट या सभेतल्या तरुणांसाठी. वाचनालयातल्या त्या टेबलाशी अजून दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. शनिवारी संध्याकाळी दोन तास कोणी येऊन बसेल काय? विशेष विद्वत्ता लागत नाही. अक्षर वाचता यावे, धीर असावा, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘आजोबा’ म्हणता यावे. पूर्वी गाव माणसाला ओळखीत असे. आता संगणक ओळखतो म्हणून गावाने ओळखणे सोडून द्यावे असे थोडेच आहे!

माझी आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. तिचे कार्ड माझ्याजवळ आहे. मृत्यूची नोंद करून तो क्रमांक बंद करण्यासाठी कळवायचे असते, ते मी कळवले. त्या कार्डावरच्या छायाचित्रात ती थोडी घाबरलेली दिसते. पहिल्यांदाच कोणी तिचा फोटो काढला होता. नाव बरोबर आहे, पत्ता बरोबर आहे, तारीख अर्थातच १ जानेवारी आहे. त्या कागदाने तिला एकदा ओळख दिली आणि एकदा नाकारली. तुमच्या घरातल्या, तुमच्या आळीतल्या अशा माणसावर ती दुसरी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी आज मी आपला वेळ घेतला.